घड्याळ कोणत्या वर्षी थांबवायचे? प्लिमथ पटक्सेट या 'जिवंत' संग्रहालयाविषयी

१/ अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, अटलांटिकच्या किनाऱ्यालगत एक संग्रहालय आहे. तेथे गवताने शाकारलेल्या घराच्या दारात लोकरी कपड्यांतील एक मनुष्य लाकूड फोडत असतो. 'तुमचा राष्ट्राध्यक्ष कोण?' असे त्याला विचारले, तर तो गोंधळून पाहतो. त्याला ठाऊक असतो राजा पहिला चार्ल्स, आणि साल असते १६२७. तेथून काही मिनिटांच्या अंतरावर, नदीकाठी, हरणाच्या कातड्याच्या पोशाखातील एक स्त्री चुलीवर मका शिजवत असते. तोच प्रश्न तिला विचारला, तर ती आजचे उत्तर देते. दोघेही त्याच संग्रहालयाचे कर्मचारी. मग एकाचे घड्याळ थांबलेले आणि दुसरीचे चालू, असे का? हा धागा त्या प्रश्नाविषयी आहे.

२/ प्रथम 'जिवंत इतिहास संग्रहालय' म्हणजे काय, ते पाहू. काचेच्या कपाटात वस्तू मांडण्याऐवजी येथे घर, शेत, चूल, जनावरे आणि माणसे यांसह एक काळ उभा केला जातो. स्टॉकहोममध्ये आर्थर हाझेलियस यांनी १८९१ साली उघडलेले 'स्कान्सेन' हे या परंपरेचे मूळ मानले जाते. अमेरिकेत व्हर्जिनियातील विल्यम्सबर्गचा जीर्णोद्धार १९२० च्या दशकात रॉकफेलर यांच्या पैशाने सुरू झाला. आपण पाहणार आहोत ते प्लिमथ येथील संग्रहालय १९४७ साली हेन्री हॉर्नब्लोअर या बोस्टनच्या गृहस्थांनी स्थापन केले. शेअरदलाली हा त्यांचा व्यवसाय, आणि उत्खनन हा तरुणपणापासूनचा ध्यास.

३/ ज्या घटनेभोवती हे सारे उभे आहे, ती थोडक्यात अशी. १६२० च्या शरद ऋतूत 'मेफ्लॉवर' हे जहाज १०२ प्रवाशांना घेऊन इंग्लंडहून निघाले. प्रवाशांपैकी काही जण इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून फारकत घेतलेले धर्मनिष्ठ होते, तर काही केवळ नव्या आयुष्याच्या शोधात निघालेले. डिसेंबरात त्यांनी आजच्या प्लिमथ येथे वस्ती केली. पहिल्याच हिवाळ्यात थंडी, रोगराई आणि उपासमारीने जवळजवळ निम्मी माणसे दगावली. पुढे या वसाहतकऱ्यांना 'पिलग्रिम' म्हणजे यात्रेकरू हे नाव रूढ झाले आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय पुराणकथेत त्यांना पूर्वजांचे स्थान मिळाले.

४/ परंतु ती जागा रिकामे रान नव्हती. तेथे पटक्सेट नावाचे वाम्पानोआग लोकांचे गाव होते. १६१६ ते १६१९ या काळात युरोपीय जहाजांमागोमाग आलेल्या साथीने त्या किनाऱ्यावरची गावेच्या गावे संपवली. पटक्सेट त्यांपैकीच एक. इंग्रजांना नांगरणीयोग्य मोकळी शेते आयती मिळाली, त्याचे कारण हे. केप कॉडच्या वाळूत त्यांना पुरून ठेवलेला मका सापडला. आपल्याकडे ज्याला पेव म्हणतात, तशीच ती साठवण होती. तो मका त्यांनी उचलून नेला, आणि पुढच्या वर्षीची त्यांची पेरणी त्या बियाण्यावर झाली.

५/ या गावाचा एक रहिवासी मात्र जिवंत होता : टिस्क्वांटम. १६१४ साली टॉमस हंट नावाच्या इंग्रज कप्तानाने त्याला इतरांसह पळवून स्पेनमधील मालागा येथे गुलाम म्हणून विकायला नेले. तेथून सुटून तो लंडनला पोहोचला, इंग्रजी शिकला आणि १६१९ मध्ये मायदेशी परतला. तेव्हा त्याचे गाव उरलेच नव्हते. वर्ष-दीड वर्षाने त्याच जागी घरे बांधणाऱ्या परक्यांना मक्याच्या मुळाशी मासा पुरून पीक कसे घ्यावे, हे शिकवले ते त्याने. शाळकरी पुस्तकांत त्याची ओळख 'मदतीला धावलेला भला इंडियन' इतकीच उरते.

६/ आता संग्रहालयाकडे वळू. १९५७ साली इंग्लंडमधील ब्रिक्सहॅम येथे बांधलेली मेफ्लॉवरची प्रतिकृती अॅलन व्हिलियर्स यांच्या नेतृत्वाखाली शिडांवर अटलांटिक ओलांडून प्लिमथला आली आणि या उपक्रमाचे नाव सर्वत्र झाले. मूळ वस्तीची जागा आजच्या शहराखाली गाडली गेली असल्याने संग्रहालयाचे गाव काही किलोमीटर दक्षिणेस, ईल नदीच्या काठी उभारले गेले. आरंभीच्या काळातील घरांत पुतळे होते, जुन्या वस्तू होत्या आणि प्रेक्षकांनी हात लावू नये म्हणून अडसर होते. गाव होते, पण राहते नव्हते.

७/ हे चित्र पालटले ते जेम्स डीट्झ या पुरातत्त्वज्ञांमुळे. सामान्य माणसाचा इतिहास राजपत्रांपेक्षा त्याच्या फुटक्या खापरांत आणि घराच्या रचनेत अधिक सापडतो, हे त्यांचे प्रतिपादन होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पुतळे, अडसर आणि मौल्यवान जुन्या वस्तू हटवल्या. त्यांच्या जागी रोज वापरता येतील, फुटल्या तर नव्या करता येतील अशा प्रतिकृती आल्या. चुली पेटल्या, कोंबड्या घरांतून फिरू लागल्या. भिंती काजळल्या, आणि त्या तशाच राहू दिल्या गेल्या.

८/ पुढची पायरी १९७० च्या दशकात गाठली गेली. कर्मचारी वसाहतीतील प्रत्यक्ष नोंद असलेल्या एकेका व्यक्तीची भूमिका घेऊन प्रथमपुरुषी बोलू लागले. 'ते लोक असे राहत' हे वाक्य गेले आणि 'आम्ही असे राहतो' हे आले. त्या व्यक्तीचे वय, गाव, नातेवाईक, धर्ममते आणि तिच्या इंग्लंडमधील प्रांताची बोली यांचा अभ्यास करूनच भूमिकेत उतरायचे. मोबाइल दाखवा, छायाचित्र काढा. समोरचा माणूस सतराव्या शतकाबाहेर पाऊल टाकत नाही. नाटकातील नटाला संहिता असते, येथे ती नाही. कोण काय विचारील याचा नेम नसतो, आणि उत्तर मात्र त्या काळाच्या ज्ञानातूनच द्यावे लागते.

९/ मग साल कोणते निवडायचे? संग्रहालयाने दीर्घकाळ १६२७ हे साल धरले, आणि त्यामागे कागदपत्रांचे सबळ कारण आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात वसाहतीची सामाईक गुरे रहिवाशांत वाटण्यात आली. माणसांचे प्रत्येकी १३ जणांचे १२ गट पाडले आणि प्रत्येक गटाच्या वाट्याला गाई-शेळ्या दिल्या. या वाटणीपत्रात एकूण १५६ जणांची नावे आहेत, त्यांत बायका आणि मुलेही आली. म्हणजे एका विशिष्ट दिवशी गावात कोण कोण होते, याची जणू खानेसुमारीच हाती आली.

१०/ दुसरा आधार त्याच वर्षीचा. शेजारच्या डच वसाहतीचा अधिकारी इसाक द रासियेर १६२७ मध्ये प्लिमथला आला आणि त्याने आपल्या पत्रात गावाचे वर्णन करून ठेवले : टेकडीच्या उतारावरचा रस्ता, फळ्यांची घरे, कुंपण घातलेल्या बागा, टेकडीच्या माथ्यावर सपाट छताची चौकोनी इमारत आणि तिच्यावर सहा तोफा. त्याच इमारतीच्या खालच्या भागात रविवारची प्रार्थना होई. नगाऱ्याच्या आवाजावर माणसे बंदुका घेऊन कप्तानाच्या दाराशी जमत आणि तीन-तीनच्या रांगेने टेकडी चढत. देवळात जाताना खांद्यावर बंदूक असे, हा तपशील गावाविषयी पुष्कळ सांगून जातो.

११/ या आधारांवर उभे केलेले गाव पाहताना मराठी वाचकाला बरेच ओळखीचे वाटेल. गवताने शाकारलेली छपरे, काड्या विणून वर माती लिंपलेल्या कुडाच्या भिंती, धुराने कोंदलेले एकखोली घर, आणि सभोवार उंच ओंडके रोवून केलेला मेढेकोट. हा मेढेकोट १६२२ मध्ये उभारला गेला. मूळ गावाचा माग काढण्याचे कामही थांबलेले नाही. २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या बोस्टन येथील पुरातत्त्वज्ञांना प्लिमथ शहरातील बरियल हिल परिसरात मूळ वस्तीचे अवशेष मिळाले. त्यांत पुरलेल्या एका वासराची हाडेही होती.

१२/ अशा संग्रहालयाने काय साधते? ते सर्वप्रथम खोटी चित्रे पुसते. चित्रांतील पिलग्रिम नखशिखांत काळ्या कपड्यांत आणि टोपीवर बक्कल लावून उभे असतात. मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या याद्या काही वेगळेच सांगतात. गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांच्या कपड्यांत लाल बंडी आणि जांभळा झगा होता. संग्रहालयातील माणसे म्हणूनच रंगीत कपडे घालतात. शिवाय ती हसतात, शेजाऱ्याविषयी कुरकुर करतात, धर्मावरून हुज्जत घालतात. पुतळा झालेला पूर्वज पुन्हा माणूस होतो. ही कामगिरी लहान नाही.

१३/ पण प्रथमपुरुषी बोलण्याची किंमतही आहे. १६२७ मधला माणूस १६२७ नंतरचे काहीच सांगू शकत नाही. तुम्ही त्याला शेजारच्या वाम्पानोआगांविषयी विचारले, तर तो त्या काळच्या इंग्रजाचेच मत सांगणार; ते चूक आहे असे तो म्हणू शकत नाही, कारण ते चूक आहे हे त्याला ठाऊक नाही. पुढे काय घडले, हे विचारण्याची तर सोयच नाही. प्रामाणिकपणे पाळलेला नियम येथे मौनाचे साधन होतो.

१४/ आणि पुढे जे घडले, ते असे. १६२१ च्या मार्चमध्ये वाम्पानोआगांचा प्रमुख औसामेक्विन याने इंग्रजांशी परस्परसंरक्षणाचा करार केला होता. मॅसासॉइट या पदवीनेच तो इतिहासात ओळखला जातो. हा सलोखा सुमारे अर्धशतक टिकला. तोवर वसाहतकऱ्यांची संख्या आणि जमिनीची भूक दोन्ही अनेकपट वाढली. १६७५ मध्ये औसामेक्विनचाच मुलगा मेटाकॉम, इंग्रजांच्या लेखी 'किंग फिलिप', युद्धाला उभा राहिला. १६७६ च्या ऑगस्टमध्ये तो मारला गेला. त्याचे शिर प्लिमथमध्ये खांबावर लावले गेले आणि पुढे कित्येक वर्षे तेथेच होते. पकडलेल्या अनेकांना वेस्ट इंडीजमध्ये गुलाम म्हणून विकले गेले. मेटाकॉमची पत्नी आणि लहान मुलगाही बंदिवानांत होते.

१५/ आता १६२७ या सालाकडे पुन्हा पाहा. ते साथीनंतरचे आहे आणि युद्धापूर्वीचे. पटक्सेट नाहीसे होऊन गेलेले, खांबावरचे शिर अजून यायचे आहे. कागदपत्रांच्या दृष्टीने ही निवड निर्दोष आहे; त्यामागे कोणाचा कावा होता असे मानण्याचे कारण नाही. तरीही परिणाम असा, की प्रेक्षक कितीही वेळा आला तरी त्याला ते गाव कायम शांत आणि कष्टाळूच दिसते. साल निवडणे म्हणजेच काय दिसणार आणि काय दिसणार नाही, हे ठरवणे.

१६/ लोकस्मृतीने तर याहून सोयीचा क्षण निवडला : १६२१ च्या सुगीनंतरची मेजवानी. एडवर्ड विन्स्लो यांच्या पत्रातील एका लहानशा वर्णनावर तिची सारी कथा उभी आहे. औसामेक्विन सुमारे ९० माणसांसह आला, त्यांनी पाच हरणे आणली, तीन दिवस खाणेपिणे झाले. या प्रसंगाला 'पहिले थँक्सगिव्हिंग' हे नाव लावले ते १८४१ मध्ये, अलेक्झांडर यंग या संपादकाने एका तळटीपेत. १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, लिंकन यांनी नोव्हेंबरातील राष्ट्रीय आभारदिनाची घोषणा केली. पुढे हा सण आणि ती मेजवानी एकमेकांत पक्की मिसळली. तीन दिवसांची पंगत तेवढी सणाला आली. त्यानंतरची ५५ वर्षे वगळली गेली.

१७/ १९७० साली मेफ्लॉवरच्या आगमनाला ३५० वर्षे झाली. समारंभात भाषण करण्यासाठी वाम्सुटा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग नेत्याला बोलावणे आले. आयोजकांनी भाषण आधी पाहायला मागितले, त्यातील कबरी लुटल्याचे आणि जमीन बळकावल्याचे उल्लेख त्यांना रुचले नाहीत, आणि बदललेले भाषण वाचण्यास जेम्स यांनी नकार दिला. त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी मूळ रहिवासी आणि त्यांचे समर्थक प्लिमथच्या कोल्स हिलवर, मॅसासॉइटच्या पुतळ्यापाशी जमले. तेव्हापासून दरवर्षी तेथे 'राष्ट्रीय शोकदिन' पाळला जातो. त्यानंतर तीन वर्षांनी, १९७३ मध्ये, संग्रहालयात वाम्पानोआग उपक्रम सुरू झाला.

१८/ नदीकाठची ती वस्ती या उपक्रमाची. तेथे झाडाच्या सालींनी मढवलेली घरे आहेत, त्यांना 'वेटू' म्हणतात. एका अखंड ओंडक्याला आगीने जाळत आणि कोरत नाव तयार होत असते. मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यात वाढतो. काम करणारे मूळ रहिवासी आहेत. काही वाम्पानोआग, काही इतर जमातींचे. पोशाख सतराव्या शतकाचा असला तरी ते भूमिका करत नाहीत. 'आम्ही' म्हणताना त्यांच्या त्या 'आम्ही'त १६२७ ही येते आणि आजही येते.

१९/ हा नकार समजून घ्यायचा तर संग्रहालयाबाहेर, न्यायालयात जावे लागेल. १९७६ मध्ये केप कॉडवरील मॅशपी वाम्पानोआगांनी गमावलेल्या जमिनीसाठी दावा दाखल केला. न्यायालयाने आधी प्रश्न घेतला, की हे लोक कायद्याच्या अर्थाने 'जमात' आहेत काय? ज्यूरीला ठरावीक सालांची यादी देण्यात आली : १७९०, १८३४, १८४२, १८६९, १८७० आणि १९७६. १९७८ च्या आरंभी निकाल आला. मॅशपी लोक १८३४ आणि १८४२ मध्ये जमात होते. १७९० मध्ये नव्हते, आणि १८६९ पासून पुढेही नव्हते. दावा फेटाळला गेला.

२०/ एक समाज काही तारखांना अस्तित्वात असतो आणि काही तारखांना नसतो, असा हा निवाडा. ख्रिस्ती धर्म स्वीकारला, इंग्रजी बोलू लागले, बाहेरच्यांशी लग्ने केली, पँट घालून नोकरीला जाऊ लागले, की 'खरे' इंडियन उरत नाहीत, ही समजूत त्या खटल्यावर सावलीसारखी पसरली होती. इंग्रजांचे वंशज चार शतकांत कितीही बदलले, तरी त्यांच्या वारशावर कोणी शंका घेत नाही. म्हणूनच १६२७ मध्ये थांबण्याचा खेळ एकाला परवडतो आणि दुसऱ्याला परवडत नाही. भूतकाळात गोठणे हे ज्याच्याविरुद्ध कोर्टात वापरले गेले, त्याने प्रेक्षकांसमोर स्वतःहून का गोठावे?

२१/ हा विषय जुना झालेला नाही. मॅशपी वाम्पानोआगांना संघराज्याची मान्यता २००७ मध्ये मिळाली. त्यांच्या राखीव जमिनीचे संरक्षित स्थान काढून घेण्याचा निर्णय २०२० च्या मार्चमध्ये झाला, म्हणजे मेफ्लॉवरच्या चारशेव्या वर्षी. वाद पुन्हा एका सालाभोवती : १९३४ मध्ये ही जमात संघराज्याच्या अधिकारकक्षेत होती काय? न्यायालयीन लढ्यानंतर २०२१ च्या डिसेंबरात सरकारने त्यांची जमीन राखीवच राहील असे मान्य केले.

२२/ भाषेचेही तसेच. वाम्पानोआग भाषा बोलणारी माणसे एकोणिसाव्या शतकात संपली. १९९३ मध्ये जेसी लिटल डो बेअर्ड यांनी ती पुन्हा बोलती करण्याचा प्रकल्प सुरू केला. आधार होता १६६३ साली त्या भाषेत छापलेल्या बायबलचा, आणि वाम्पानोआग लोकांनी स्वतः लिहिलेल्या दस्तऐवजांचा. धर्मांतरासाठी छापलेले पुस्तक भाषेच्या पुनर्जन्माला कामी आले. आज तेथे मुले ही भाषा शिकतात. जे 'संपले' म्हणून नोंदले गेले, त्यांनी ती नोंद खोडून काढली.

२३/ संग्रहालयाने २०२० मध्ये आपले नाव 'प्लिमथ प्लांटेशन' ऐवजी 'प्लिमथ पटक्सेट' केले. संपलेल्या गावाचे नाव पाटीवर आले. तथापि नाव बदलल्याने सारे सुरळीत झाले असे नाही. मूळ रहिवाशांच्या वस्तीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, अशी टीका करत २०२२ मध्ये काही वाम्पानोआग व्यक्तींनी बहिष्काराचे आवाहन केले. ज्यांच्या वतीने बोलायचे, त्यांना संस्थेच्या निर्णयांत किती वाटा, हा प्रश्न पाटीवरील अक्षरांपेक्षा अवघड आहे.

२४/ आपल्याकडेही कोल्हापूरजवळ कणेरी मठात सिद्धगिरीचे ग्रामजीवन संग्रहालय आहे. तेथे पुतळ्यांतून बलुतेदारीचे गाव उभे केले आहे आणि ते पाहायला कुटुंबेच्या कुटुंबे जातात. जुन्या गावाचे असे कोणतेही चित्र पाहताना प्लिमथने शिकवलेले तीन प्रश्न बरोबर न्यावेत. हे गाव नेमके कोणत्या वर्षीचे? तेच वर्ष का? आणि त्या वर्षी गावकुसाबाहेर कोण राहत होते, ते आज स्वतः बोलू शकत असतील तर काय सांगतील?

२५/ प्लिमथला जाणाऱ्याने म्हणून दोन्ही वस्त्या पाहाव्यात, आणि शक्यतो नदीकाठची आधी. तिच्यानंतर मेढेकोटाच्या आत शिरले, की १६२७ मधला तो लाकूडतोड्या अधिक नीट समजतो. त्याला पुढचे ठाऊक नाही. आपल्याला आहे, आणि त्याच्याशी बोलताना ते आपण विसरता कामा नये.

(धागा समाप्त. प्रश्न, दुरुस्त्या आणि पूरक माहिती यांचे स्वागत आहे.)